टोळाला जात नसते, पण त्याने खाल्लेल्या पिकाच्या हिशोबाला असते

सातारा-सांगलीच्या दुष्काळावर बोलताना दोनच आकडे पुढे येतात. पाऊस किती मिलिमीटर पडला आणि टँकर किती लागले. यापलीकडे एक तिसरी गोष्ट असते. दुष्काळात आणि दुष्काळाच्या पाठोपाठ उरल्यासुरल्या पिकावर चाल करून येणारे नाकतोडे, टोळ आणि उंदीर. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्याचा इतिहास लिहिताना या तिसऱ्या गोष्टीला एखादी ओळ मिळते आणि लेखक पुढे जातो.

आपण मात्र तिथेच थांबायला हवे. कारण निसर्गाने केलेले नुकसान आणि समाजव्यवस्थेने केलेले नुकसान यांची सरमिसळ नेमकी तिथेच केली जाते. "टोळ आले, पीक गेले, लोक उपाशी राहिले" असे एक वाक्य लिहिले की सगळा दोष किड्याच्या माथी मारता येतो. पण पीक जाणे आणि माणूस उपाशी राहणे या दोन घटनांच्या मध्ये एक सबंध गाव उभे असते. त्या गावात जमीन कोणाची, खळ्यावर हक्क कोणाचा, विहिरीवर कोण चढू शकतो आणि सरकारी कागदावर कोणाचे नाव आहे, यावरून उपास कोणाच्या वाट्याला येणार हे ठरते. तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. हे असेल तर ते होते. म्हणून कारणांची साखळी कडीकडीने तपासू.

किडा नेमका काय करतो?

आधी शब्द नीट समजून घेऊ. नाकतोडा आणि टोळ एकाच कुळातले. नाकतोडा साधारणपणे एकटा राहतो आणि आपल्या परिसरातच खातो. काही जातींचे नाकतोडे संख्या वाढली की थव्याने वागू लागतात आणि लांबवर उडत जातात. त्यांना आपण टोळ म्हणतो.

दख्खनच्या ज्वारीच्या पट्ट्यात एक बिनपंखी नाकतोडा आहे. म्हैसूर संस्थानाच्या शेतीखात्यातले कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी त्याचा अभ्यास करून १९११ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांच्या नावावरूनच या किड्याचे शास्त्रीय नाव 'कोलेमानिया' पडले. या किड्याला उडता येत नाही. तो चालत, उड्या मारत एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. वर्षाला त्याची एकच पिढी होते. पावसाळा संपता संपता मादी जमिनीत अंडी घालते. ती अंडी सगळा हिवाळा आणि उन्हाळा मातीत पडून राहतात आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर फुटतात. नेमकी तेव्हाच ज्वारी कोवळी असते.

दुष्काळाचा याच्याशी संबंध काय? बऱ्याच नाकतोड्यांची अंडी न मोडलेल्या जमिनीत सुरक्षित राहतात. म्हणजे बांध, पडीक रान, माळ, गायरान. नांगरट झाली की अंडी उघडी पडतात, उन्हाने वाळतात, पाखरे टिपतात. दुष्काळात बैल खंगतात किंवा बाजारात जातात, नांगरट राहते आणि पड वाढते. ओल्या हवेत नाकतोड्यांना बुरशीचे रोग होतात आणि ते मरतात. कोरड्या वर्षांत हा नैसर्गिक आळाही सैल पडतो. त्यातच माळावरचे गवत वाळून गेलेले असते. मग सगळे नाकतोडे उरलेल्या हिरव्या तुकड्याकडे वळतात. विहिरीच्या पाण्यावर जगवलेला मळा, जनावरांसाठी केलेला मका, घरामागे सांडपाण्यावर वाढवलेली मेथी आणि वांगी. दुष्काळात हिरवे थोडेच असते आणि खाणारे पुष्कळ. म्हणून बागायतीचे आणि परसाचे नुकसान डोळ्यांत भरते.

यात दैवी असे काही नाही. ज्या साताऱ्याने डॉ. नरेंद्र दाभोलकर दिले, त्या साताऱ्यात तरी कीड आली म्हणून कोणी कोप शोधू नये आणि पाऊस नाही म्हणून कोणी पर्जन्ययज्ञ करू नये. कीड का वाढते ते कळते. ती रोखायची कशी तेही कळते. हे कळत असूनही रोखले का गेले नाही, हा प्रश्न राजकारणाचा आहे.

१८७६ ते १८८४: दुष्काळ संपला असे कोणी ठरवले?

१८७६-७८ च्या महादुष्काळात मुंबई इलाख्यातले सातारा, सोलापूर, पुणे, नगर, कलादगी हे जिल्हे होरपळले. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. त्याचा काही भाग सातारा जिल्ह्यात होता, तर काही भाग सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांत विखुरलेला होता. आटपाडी औंध संस्थानात होती. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी किती खाली आणता येते ते दाखवून दिले. पुरुषाला दिवसाला १ पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगायचे होते. मजुरांनी कामे सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला निवेदने पाठवली. सत्यशोधक समाजाने जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुढाकाराने अनाथ मुलांसाठी अन्नछत्र चालवले. सावित्रीबाईंनी १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र दुष्काळी गावांचा डोळ्यांदेखतचा वृत्तांत म्हणून आजही वाचले पाहिजे.

पुढे पाऊस आला. सरकारी दफ्तरात दुष्काळ संपला आणि कामे बंद झाली. शेतात मात्र १८७८-७९ च्या हंगामात दख्खनमध्ये उंदरांनी उभी पिके कुरतडली. कीटकशास्त्राच्या नोंदीनुसार 'बॉम्बे लोकस्ट' नावाच्या टोळाचा एक मोठा उद्रेक १८७८ ते १८८४ असा चालला. हा टोळ कोरड्या ऋतूत सह्याद्रीच्या जंगलात आसरा घेतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला पूर्वेकडे मैदानात उतरून अंडी घालतो. सातारा जिल्हा सह्याद्रीच्या कुशीपासून माणदेशाच्या माळापर्यंत पसरलेला आहे, हे नकाशात पाहून घ्या.

दुष्काळात दख्खनची जनावरे मोठ्या संख्येने मेली होती. ज्याची बैलजोडी गेली त्याची नांगरट गेली. नांगरट गेली की पड वाढते आणि पडीत अंडी वाचतात, हे आपण वर पाहिले. म्हणजे पावसाने सुरू केलेले संकट सावकारीने, सारावसुलीने आणि कंजूष मदतीने लांबवले. याच काळात, १८७९ मध्ये, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. त्याचा विषय होता कर्ज आणि गहाण जमीन. ज्याच्याकडे गहाण टाकायलाही जमीन नाही, त्याची बुडालेली मजुरी आणि बुडालेले बलुते हा त्या कायद्याचा विषय नव्हता.

जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' याच वर्षांतला, १८८३ चा. त्यात ते पावसाला शिव्या देत बसत नाहीत. ताली, बंधारे घाला, माती आणि पाणी अडवा, सरकारच्या रिकाम्या बसलेल्या पलटणी आणि पोलीस या कामाला लावा, असा कार्यक्रम ते मांडतात. संकटाचे कारण शोधा आणि कारणावर घाव घाला, ही आपली परंपरा आहे.

१९०१: मसूर स्टेशनवरची मुले

१८९९-१९०० चा दुष्काळ पुन्हा तसाच भयंकर. आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा टोळ. बॉम्बे लोकस्टचा पुढचा मोठा उद्रेक १९०१ ते १९०८ असा नोंदलेला आहे. एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय या सरकारी कीटकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. दोन महादुष्काळ, आणि दोन्हींच्या मागोमाग टोळांची वर्षे. दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही. पण दुष्काळाचा शेवट पहिल्या पावसाबरोबर होतो हा सरकारी समज खोटा ठरवायला ती पुरेशी आहेत.

आता १९०१ हे साल लक्षात ठेवा. बाबासाहेब तेव्हा साताऱ्यात होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. आपण तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात रोखपाल होते. काम कोणते? दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने सुरू केलेले तलाव खोदण्याचे. बाबासाहेबांनी आपल्या आत्मपर टिपणांत हे स्वतः लिहून ठेवले आहे. लोक हजारोंनी मरत होते हेही त्यांनी नोंदवले आहे.

वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. पुढची हकिकत आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकायचे कबूल करून ती निघाली. जवळ डबा होता, पण प्यायला पाणी मिळाले नाही.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण तो दुष्काळाचाही प्रसंग आहे. ज्या जिल्ह्यात दुष्काळी काम चालू होते, त्याच जिल्ह्यात, त्याच कामावरच्या कर्मचाऱ्याच्या मुलांना पाणी नाकारले गेले. रामजींची नोकरी होती, मुलांच्या अंगावर चांगले कपडे होते, खिशात पैसे होते. तरीही ही गत. मग त्या तलावावर माती वाहणाऱ्या महार-मांग स्त्री-पुरुषांची तहान कशी भागत असेल? पाऊस कमी पडल्यामुळे पाणी आटते. असलेले पाणी नाकारले जाते ते जातीमुळे.

खळ्यावरचा हिशोब

टोळाने शेतकऱ्याचे पीक खाल्ले तर शेतकरी बुडतो, हे सगळ्यांना दिसते. त्याच पिकात आणखी कोणाचा वाटा होता, हे दिसत नाही.

महारांचे उत्पन्न म्हणजे वतनाची तुटपुंजी, वाटण्या होऊन चिंध्या झालेली जमीन आणि रयतेकडून सुगीला मिळणारे बलुते. बलुते खळ्यावर मिळायचे. पीक आले तर पेंढ्या, नाही आले तर हात हलवत परत. काम मात्र पिकावर अवलंबून नव्हते. दुष्काळ असो, टोळ असो, सरकारी अंमलदाराची सरबराई, निरोप, टपाल, राखण ही वतनाची कामे चुकत नव्हती. रात्र म्हणू नये, दिवस म्हणू नये. म्हणजे कामाची सक्ती सरकारची आणि मोबदल्याचा भरवसा टोळाच्या भुकेवर.

सरकार सवलत द्यायचे ती साऱ्यात. सारा तहकूब झाला तर सारा भरणाऱ्याला श्वास घेता आला. ज्याचे बलुते बुडाले त्याला काय तहकूब होणार? बुडालेल्या पेंढ्यांसाठी दफ्तरात रकानाच नव्हता. म्हणूनच जुन्या कागदांत पिकाचे नुकसान सापडते, साऱ्याचे नुकसान सापडते. महारवाड्यातल्या चुलीचे नुकसान सापडत नाही. ज्याची नोंद नाही त्याची भरपाई नाही, आणि पुढे त्याचा इतिहासही नाही.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच व्यवस्थेवर घाव घालण्यासाठी. बलुत्याऐवजी ठरलेली रोख रक्कम मिळावी, वतनाच्या गुलामीतून मोकळे होण्याचा मार्ग असावा, अशी त्यांची मागणी होती. याकडे फक्त मानसन्मानाचा प्रश्न म्हणून पाहू नका. पोटाचा संबंध खळ्यावरच्या दयेपासून तोडून हक्काच्या मजुरीशी जोडण्याचा तो प्रयत्न होता. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडावे लागले. वतन गेले, पण त्याजागी पुरेशी जमीन आली नाही. म्हणून तर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारावा लागला.

१९७२: हक्काचे काम

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने एक वेगळी वाट धरली आणि तिची सुरुवात सांगली जिल्ह्यातली आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव भागात १९६५ मध्ये मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. त्याच अनुभवावर रोजगार हमी उभी राहिली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की अन्न कमी पडल्याने जितकी माणसे मरतात, त्याहून जास्त अन्नावरचा हक्क गमावल्याने मरतात. महाराष्ट्राच्या १९७२-७३ च्या अनुभवाने या विचाराची दुसरी बाजू दाखवली. पिके गेली तरी मजुरीचा हक्क टिकला, म्हणून १८७७ ची पुनरावृत्ती टळली. रोजगार हमीत ठेकेदारी, हजेरीपटाची लबाडी, उशिरा मिळणारी मजुरी हे सगळे होते आणि आहे. तरीही टेंपलच्या १ पौंडापासून कायदेशीर हक्काच्या कामापर्यंतचे अंतर लहान नाही.

पण कामाचा हक्क मिळाला म्हणून पाण्याचा मिळाला असे समजू नका. त्याच १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावला विहिरीवरून बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली. दलित पँथर ज्या संतापातून उभी राहिली, त्यात ही घटना होती.

आजचा पंचनामा

२०२० च्या मे महिन्यात वाळवंटी टोळांचे थवे मध्य प्रदेशातून अमरावती, नागपूर भागात उतरले. वाहिन्यांनी दिवसभर तेच दाखवले. स्थानिक नाकतोडे मात्र बातमीचा विषय होत नाहीत. एखाद्या कोरड्या वर्षी एखाद्या गावची ज्वारी-बाजरी कातरली, मळ्याच्या कडेच्या चार-चार ओळी गेल्या, तर ते त्या गावापुरतेच राहते.

आता भरपाईचा नियम पाहा. राज्य आपत्ती निधीच्या निकषांत किडींचा हल्ला ही आपत्ती मानलेली आहे. ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर हेक्टरी मदत मिळते. हेक्टरी, म्हणजे ज्याच्या नावावर हेक्टर आहे त्याला. पंचनामा सातबाऱ्यावर होतो. त्या शेतात खुरपणीला, काढणीला जाणाऱ्या बाईचे पंचवीस-तीस दिवसांचे काम गेले, त्याचा पंचनामा कोण करतो? १८७८ मध्ये बलुत्याचा रकाना नव्हता, आज मजुरीचा रकाना नाही. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत अनुसूचित जातींच्या हाती असलेले वहितीचे क्षेत्र ९ टक्क्यांच्या आत आहे. त्यामुळे हेक्टरवर मोजलेली कोणतीही मदत जात न विचारताही जातीनेच वाटली जाते.

फवारणीचेही तसेच. एकेकाळी नाकतोड्यांवर बीएचसीची भुकटी सर्रास धुरळली जायची. देशात तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली. तोपर्यंत ती कोणाच्या हातांनी धुरळली गेली? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या आसपास माणसे गेली. त्यांत स्वतःचे शेत असलेले होते आणि रोजाने फवारायला गेलेले मजूरही होते. पीक एकाचे, पंप दुसऱ्याच्या पाठीवर, असे अनेक गावांत चालते.

काही मित्र म्हणतील, माणदेशातला मराठा, धनगर, माळी शेतकरीही कोरडवाहूच आहे, तोही बुडतो, मग जातीचा विषय कशाला? तो बुडतो हे खरेच आहे. आपली लढाई त्याच्याविरुद्ध नाही. पण बिनपंखी नाकतोडा एका शेतात मारून संपत नाही. तो शेजारच्या बांधातून, पडीतून, गायरानातून चालत परत येतो. सगळ्या गावाने एकाच वेळी हात चालवला तरच तो आटोक्यात येतो. ज्या गावाने एक वस्ती वेशीबाहेर ठेवली, त्या गावाला एकत्र हात चालवता येत नाही. जातीची किंमत थोडीफार त्या शेतकऱ्यालाही मोजावी लागते, हे त्याला पटवून देणे हेही आपलेच काम आहे.

गायरानाचेही बघा. गायरान कसणाऱ्या भूमिहीनाला अतिक्रमणदार म्हणून नोटीस येते. तोच माणूस अंडी असलेल्या जमिनीवर नांगर फिरवत असतो, हे कोणी मोजत नाही.

मग मागायचे काय?

पहिली मागणी: दुष्काळ आणि किडीच्या पंचनाम्यात शेतमजुराच्या बुडालेल्या कामाच्या दिवसांचा रकाना हवा आणि त्याची भरपाई थेट मजुराच्या खात्यात हवी.

दुसरी: दुष्काळी तालुक्यांत रोजगार हमीतून उन्हाळ्यात बांध, पड आणि ओसाड रानांतली अंडी उघडी पाडण्याचे काम काढावे. पावसाआधी खणलेली अंडी पावसानंतरच्या फवारणीपेक्षा स्वस्त पडतात आणि त्यात कोणाच्या फुप्फुसात विष जात नाही.

तिसरी: फवारणी करणाऱ्या मजुराला हातमोजे, मुखपट्टी आणि विमा देणे मालकावर आणि कृषी खात्यावर बंधनकारक करावे.

चौथी: पाणी. खानापूर तालुक्यात येरळेवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी उभारलेल्या बळीराजा स्मृती धरणाने भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा हे तत्त्व मांडले. डॉ. भारत पाटणकर, गेल ऑम्वेट, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या चळवळींनी आटपाडीसह दुष्काळी तालुक्यांत समन्यायी पाणीवाटपाची लढाई लढवली. टेंभू आणि म्हैसाळचे पाणी आज कोणाच्या शेतात जाते आणि कोणाच्या वस्तीला वळसा घालून जाते, याची गाववार नोंद आपल्या तरुणांनी करावी.

या सगळ्याच्या मुळाशी बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मांडलेली योजना आहे. जमीन राज्याच्या मालकीची, शेती सामूहिक, जातपात न पाहता कसणाऱ्यांच्या गटाला दिलेली. त्यात जमीनदार उरत नाही आणि भूमिहीन मजूरही उरत नाही. अशा गावात टोळ आले तर पीक सगळ्यांचे जाईल, पण एका वस्तीचा उपास आणि दुसऱ्या वस्तीची भरपाई अशी वाटणी होणार नाही.

येत्या दुष्काळात तुमच्या गावात पंचनामा होईल तेव्हा वही-पेन घेऊन तलाठ्याबरोबर फिरा. कोणाच्या शेतात किती गेले ते त्याला लिहू द्या. कोणाचे किती दिवस काम गेले ते तुम्ही लिहा, सह्या-अंगठे घ्या आणि तो कागद तहसील कार्यालयात नोंदवून त्याची पोच घ्या. दीडशे वर्षे रिकामा राहिलेला रकाना आपणच भरायला लागेल.

जय भीम!